समुद्राचा तळ मोजायचा तर आधी पाणी मोजावं लागतं

समजा, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आहे. पाऊस ओसरलाय, समुद्र शांत झालाय आणि गोव्याच्या किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर, २५ मीटर पाण्यात एक सर्वेक्षण बोट सरळ रेषेत चालली आहे. खाली चिखलाचा सपाट तळ. पण पडद्यावर बोटीच्या बरोबर खालचा भाग किंचित खोलगट दिसतो आणि दोन्ही बाजूंच्या कडा वर उचललेल्या. बोट वळून शेजारच्या पट्ट्यात आली तरी तेच. पट्टे एकमेकांना जोडले की नकाशावर बोटीच्या मार्गाला समांतर लांबच लांब उंचवटे आणि चर उमटतात.

तळावर असं काहीही नाही. हे सगळं मधल्या पाण्याचं काम आहे.

सोनारच्या, म्हणजे आवाजाने खोली मोजणाऱ्या यंत्राच्या, नकाशांकडे आपण उपग्रहाच्या फोटोसारखं बघतो, आणि रंगीत चित्र समोर आलं की ते खरंच वाटतं. प्रत्यक्षात सोनारला खोली दिसत नाही. त्याला कळतो तो फक्त वेळ: आवाज सोडला कधी आणि प्रतिध्वनी परत आला कधी. त्या वेळेला आवाजाच्या वेगाने गुणायचं, निम्मं करायचं आणि मिळालेल्या आकड्याला खोली म्हणायचं. वेळ आज यंत्रं अतिशय अचूक मोजतात. सगळी मेख आहे ती वेगात.

समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर असतो, पण ते ढोबळ मान झालं. पाणी तापलं की वेग वाढतो, खारटपणा वाढला की वाढतो, खोल जाताना दाब वाढतो तसाही वाढतो. थंड पाण्यात, ४ अंशांच्या आसपास, तापमान एक अंशाने वाढलं तर वेग सेकंदाला चार मीटरने वाढतो. आपल्याकडच्या २८ अंशांच्या कोमट पाण्यात तोच एक अंश दोन मीटरहून थोडा जास्त फरक करतो. क्षारता दर हजारी एकाने वाढली तर मीटर-सव्वा मीटर. आणि हजार मीटर खाली गेल्यावर फक्त दाबामुळे सोळा-सतरा मीटर. हे आकडे १५०० पुढे चिल्लर वाटतात. आवाजाच्या एकाच किरणाने सरळ खाली मोजायच्या जमान्यात ते बऱ्यापैकी चिल्लरच होते. मल्टिबीम आला आणि हिशोब बदलला.

मल्टिबीम सोनार एका वेळी शेकडो किरण पंख्यासारखे पसरून सोडतो, दोन्ही बाजूंना साठ-पासष्ट अंशांपर्यंत. त्यामुळे एका फेरीत खोलीच्या तीन ते चार पट रुंदीचा पट्टा मोजून होतो. २५ मीटर पाण्यात पासष्ट अंशांचा पंखा उघडला तर शंभर मीटरहून जास्त. फायदा उघड आहे. पण कडेचे किरण पाण्यातून तिरपे जातात, आणि तिरपा जाणारा आवाज एका वेगाच्या थरातून दुसऱ्या वेगाच्या थरात शिरला की वाकतो. हातात हात घालून चाललेली माणसांची रांग डांबरी रस्त्यावरून तिरपी नांगरलेल्या शेतात उतरली, तर जे आधी ढेकळांत शिरतात त्यांची चाल आधी मंदावते आणि अख्खी रांग वळते. आवाजाच्या लाटेचंही तसंच होतं. सरळ खाली जाणाऱ्या किरणाला वळायचं कारण नसतं, त्याचा फक्त वेग चुकतो. कडेच्या किरणाचा वेगही चुकतो आणि दिशाही.

आता त्या ऑक्टोबरच्या बोटीकडे येऊ. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि त्याच्या जागी खालून थंड पाणी चढून किनाऱ्याजवळच्या उथळ भागात येतं. पण ते थेट पृष्ठभागावर पोचत नाही. वरून पाऊस पडलेला असतो, मांडवी-झुवारीसारख्या नद्यांचं पाणी आलेलं असतं. हे कमी खारट, हलकं पाणी काही मीटर जाडीचा थर करून वर तरंगत राहतं, आणि ऊन पडायला लागलं की तापतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे दोना पावलाची एनआयओ, कांदोळीसमोरच्या समुद्रात गेली अनेक वर्षं नियमित मोजमापं घेत आली आहे. त्यांचा रोख मुख्यतः खालच्या पाण्यातल्या घटत्या ऑक्सिजनवर आहे. पण ज्या दुथरी पाण्यामुळे तळाजवळ ऑक्सिजन संपतो, तेच पाणी सोनारवाल्यांची परीक्षा घेतं.

उदाहरणादाखल आकडे धरून हिशोब करू. वरचे ७ मीटर पाणी २८ अंशांचं, क्षारता ३०. खालचे १८ मीटर २२ अंशांचं, क्षारता ३५. नेहमीच्या सूत्राने वरच्या थरात वेग येतो सेकंदाला सुमारे १५३६ मीटर, खालच्यात १५२७. फरक फक्त नऊ मीटरचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. समजा बोटीने फक्त वरच्या पाण्याचा वेग घेतला आणि तोच तळापर्यंत लावला. बोटीच्या थेट खाली तळ ११ सेंटिमीटर जास्त खोल दिसेल. साठ अंशांच्या किरणाला तो २० सेंटिमीटर उथळ दिसेल, पासष्ट अंशांवर ३६ सेंटिमीटर उथळ. सपाट तळाची मधोमध ११ सेंटिमीटरची खोलगी आणि कडेला ३६ सेंटिमीटरचा उंचवटा. मिळून जवळजवळ अर्धा मीटर, आणि तोही अवघ्या २५ मीटर पाण्यात.

या हिशोबातली एक गोष्ट मला फार आवडते. ४५ अंशांच्या आसपासच्या किरणाला खोली जवळजवळ बरोबर येते! तिथे वेगाची चूक तळ खाली ढकलते, दिशेची चूक तेवढाच वर उचलते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. बिंदू आडवा वीसेक सेंटिमीटर सरकतो एवढंच. त्यामुळे पाण्याचा भरवसा नसेल तेव्हा जाणते सर्वेक्षक पंखा मिटून ४५ अंशांवर आणतात. किंमतही मोजावी लागते: शंभर मीटरचा पट्टा पन्नासवर येतो, फेऱ्या दुप्पट, डिझेल दुप्पट. ही किंमत टाळायच्या मोहात कितीतरी सर्वेक्षणांच्या कडा बिघडलेल्या असतात.

छत्तीस सेंटिमीटर म्हणजे फार का? आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेच्या एस-४४ या मानकात सर्वेक्षणाच्या प्रती, म्हणजे दर्जाच्या पायऱ्या, ठरवल्या आहेत. ज्या पाण्यात जहाजाच्या बुडाखाली फार कमी जागा उरते, तिथली बंदरं आणि जलमार्ग यांच्यासाठी जी विशेष प्रत आहे तिच्यात २५ मीटर खोलीला साधारण ३१ सेंटिमीटरची चूक चालते. आणि ती सगळ्या कारणांची मिळून: भरती, हेलकावे, यंत्र, सगळं धरून. इथे एकट्या पाण्यानेच ती मर्यादा ओलांडली.

पाणी आवाजाला फसवतं हे कळलं तेही लढाऊ जहाजांना बसलेल्या अडचणीतून. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाची यूएसएस सेम्स ही सोनारच्या चाचण्या करणारी विनाशिका होती. क्यूबाच्या ग्वांतानामो उपसागराजवळ तिच्या लक्षात आलं की सकाळी पाणबुडीचा माग छान लागतो, दुपारी मात्र सोनार आंधळा होतो. दोष यंत्र चालवणाऱ्यांच्या जेवणानंतरच्या सुस्तीवर ढकलला गेल्याचं सांगतात. अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे समुद्रशास्त्रज्ञ कोलंबस आयसलिन यांनी तापमान मोजून दाखवलं की दुपारच्या उन्हाने वरचं थोडं पाणी तापतं आणि आवाज त्या थरातून खाली वळून जातो. पृष्ठभागाजवळची पाणबुडी त्या वळणाबाहेर, सावलीत राहते. याच सुमाराला अ‍ॅथेलस्टन स्पिलहॉस यांनी बाथिथर्मोग्राफ बनवला: पाण्यात सोडलं की खोलीनुसार तापमानाची रेघ काचपट्टीवर ओरखडणारं उपकरण. पाणबुडीविरोधी युद्धात त्याचा प्रचंड वापर झाला. आज मार्च ते मे या काळात कोकणासमोर काम करणाऱ्या बोटींना हाच दुपारचा परिणाम रोज भेटतो. सकाळी आठला घेतलेलं मोजमाप दुपारी दोनला लावायचं नसतं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे पाण्यात पुन्हा पुन्हा यंत्र सोडायचं. ध्वनिवेग मोजणारा प्रोब हाताच्या लांबीचा असतो. त्याच्या टोकाशी, ठरावीक अंतरावर परावर्तक बसवलेला असतो. आवाज तेवढं अंतर जाऊन यायला किती वेळ घेतो ते तो सतत मोजतो आणि सोबत दाबावरून खोली नोंदवतो. बोट थांबवायची, प्रोब आधी पृष्ठभागाखाली मिनिटभर धरायचा म्हणजे तो पाण्याच्या तापमानाला येतो, मग दोरी एकसारख्या वेगाने सोडायची. तळाला टेकवायचा नाही, कारण चिखल शिरला की पुढची सगळी मोजमापं बिघडतात. वर काढला की संगणकावर रेघ उमटते. डिसेंबरमध्ये ती बहुतेक उभी सरळ असते, कारण तोवर पाणी घुसळून एकसारखं झालेलं असतं. ऑक्टोबरमध्ये सहा-सात मीटरांवर तिला पायरी पडलेली असते. ती पायरी म्हणजेच पडद्यावरच्या उचललेल्या कडा.

यात एक सापळा आहे आणि तो आपल्या किनाऱ्यावर जास्त चावतो. मल्टिबीमच्या तोंडाशी कायमचा एक वेगमापक बसवलेला असतो, कारण किरण कुठल्या कोनात सोडायचे हे ठरवायलाच तिथला वेग लागतो. बऱ्याच ठिकाणी नियम असा ठेवतात की या मापकाचा आकडा शेवटच्या प्रोबच्या आकड्यापासून सेकंदाला दोन मीटरने सरकला की नवा प्रोब सोडायचा. चांगला नियम आहे. पण बोटीचं बूड पाण्याखाली दीड-दोन मीटर, म्हणजे पूर्णपणे त्या गोडसर थरात. थराची जाडी आठावरून चार मीटर झाली तरी तोंडाशी वेग १५३६ च राहतो. मापक गप्प, पडदा गप्प, आणि कडा हळूहळू वर जात राहतात. म्हणून माझं ठाम मत आहे की पावसाळ्यानंतरच्या दोन महिन्यांत या किनाऱ्यावर प्रोब घड्याळ आणि भरती-ओहोटी बघून सोडावा, मापकाच्या इशाऱ्याची वाट बघू नये. ओहोटीला नदीचं पाणी खाडीच्या मुखातून बाहेर पसरतं, भरतीला खारं पाणी खालून आत घुसतं. सहा तासांत त्याच जागी पाण्याची रचना उलटीपालटी होते. त्याशिवाय दोन थरांच्या सीमेवर पाण्याच्या आतच लाटा चालतात. वरून समुद्र काचेसारखा दिसतो आणि खाली ती सीमा काही मीटर वरखाली होत असते.

दुसरा सापळा थर्मामीटरचा. खोल समुद्रात अनेक जहाजं एक्सबीटी वापरतात. हे बारीक तांब्याच्या तारेला बांधलेलं, एकदाच वापरायचं उपकरण. जहाज न थांबवता पाण्यात सोडतात, ते बुडता बुडता तापमान कळवतं आणि शेवटी तार तुटते. मोकळ्या महासागरात, जिथे क्षारता फारशी हलत नाही, तिथे ते पुरतं. पण वरच्या उदाहरणातल्या थरात फक्त २८ अंश मोजले आणि क्षारता नेहमीची ३५ धरली, तर वेग १५३६ ऐवजी १५४१ येईल. उष्णता वेग वाढवते, गोडेपणा तो कमी करतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ही दोन्ही एकाच थरात एकमेकांविरुद्ध ओढत असतात. तिथे क्षारताही मोजणारं सीटीडी किंवा थेट वेग मोजणारा प्रोबच हवा.

बोट दर तासाला थांबवणं परवडत नाही, म्हणून चालत्या जहाजावरून विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, आपोआप खाली जाऊन वर येणारे प्रोफाइलर निघाले. दर काही मिनिटांनी एक नवी रेघ मिळते. ज्यांच्याकडे ते नाहीत ते फेऱ्यांची दिशा बदलतात. नदीच्या पाण्याची सीमा आडवी कापत जाणारी फेरी घेतली तर एकाच फेरीत दोन प्रकारचं पाणी येतं. सीमेला समांतर घेतली तर एका प्रोबवर बरंच काम निभतं. शेजारच्या पट्ट्यांची कड एकमेकांवर भरपूर चढवायची आणि अधूनमधून सगळ्या पट्ट्यांना आडवी जाणारी एक फेरी घ्यायची. त्या आडव्या फेरीतला मधला, भरवशाचा भाग बाकीच्यांच्या कडांवर टाकला की कोण खोटं बोलतंय ते लगेच कळतं. निदानाची एक सोपी खूणही आहे. दोन्ही कडा सारख्याच उचलल्या किंवा सारख्याच झुकल्या असतील तर संशय पाण्यावर घ्यावा. एक वर आणि एक खाली असेल तर बोटीच्या डोलण्याचं मोजमाप तपासावं.

खोल समुद्रात अडचणी वेगळ्या. मार्च २०१४ मध्ये मलेशिया एअरलाइन्सचं एमएच३७० बेपत्ता झालं आणि शोध दक्षिण हिंदी महासागरात सरकला, तेव्हा तिथल्या तळाचा धड नकाशाच नव्हता. आधी जहाजांनी मल्टिबीमने सुमारे २,७८,००० चौरस किलोमीटर तळ मोजला, मगच तळाजवळून शोधयंत्रं ओढता आली. हजारो मीटर खोल पाणी आणि खवळलेला समुद्र. जहाज लाटेत आपटलं की बुडाखालून हवेचे बुडबुडे सरकतात आणि सोनारला काही ऐकू येत नाही. अशा वेळी वेग कमी करतात, फेरीची दिशा लाटांच्या हिशोबाने बदलतात, नाहीतर चक्क थांबतात. आवाजाची वारंवारताही बदलावी लागते. उथळ पाण्यात २०० ते ४०० किलोहर्ट्झ बारीक तपशील देतात, पण तो आवाज पाणी लवकर शोषून घेतं. हजारो मीटर खाली पोचायला १२ किंवा ३० किलोहर्ट्झचा जाडाभरडा आवाजच लागतो. विमानाचे तुकडे त्याने दिसत नाहीत. म्हणून सूक्ष्म सोनार काही किलोमीटर लांबीच्या केबलला बांधून तळाच्या शे-दीडशे मीटर वर नेले गेले. वरच्या चंचल पाण्याची कटकट त्याने बरीच सुटली, वाढला तो वेळ आणि खर्च.

पाण्यातले जीवही फसवतात. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियाजवळ सोनारला काहीशे मीटरांवर तळ असल्यासारखा थर दिसे, जिथे खरा तळ कितीतरी खोल होता. १९४५ मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी दाखवलं की हा ‘तळ’ संध्याकाळी वर चढतो आणि पहाटे खाली उतरतो: ते रोज ये-जा करणारे सागरी जीव होते.

वेगाचा प्रश्न सुटला तरी खोली कशापासून मोजायची हा प्रश्न उरतोच. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो बराच कमी. खंभातच्या आखातात तो दहा मीटर ओलांडतो. नकाशावरची खोली ओहोटीच्या नीचतम पातळीजवळच्या एका ठरावीक शून्यापासून धरतात, म्हणून प्रत्येक मोजमापातून त्या क्षणीची भरती वजा करावी लागते. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक, आणि तिचं मोल आपल्याकडे पुरेसं कळलेलं नाही असं मला वाटतं. आता उपग्रहावरून बोटीची उंचीच सेंटिमीटरांत मिळते, त्यामुळे लांबच्या भरतीमापकावर पूर्ण विसंबावं लागत नाही.

आणि गाळाच्या बंदरांत तळ म्हणजे काय हेही ठरवावं लागतं. मऊ, पातळ चिखलाच्या माथ्यावरून २१० किलोहर्ट्झचा आवाज परततो, ३३ किलोहर्ट्झचा त्यात शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. दोन आकड्यांत मोठा फरक पडू शकतो. त्यामुळे नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात चिखलाची घनता घनमीटरला १.२ टन होते तिथवर जहाजासाठी पाणीच समजतात.

पूर्वी सगळेजण वेग १५०० धरून मोजत आणि मागाहून कोष्टकातून दुरुस्ती करत. डी. जे. टी. कार्टर यांच्या १९८० च्या कोष्टकांत जगातले समुद्र ८५ भागांत वाटलेले आहेत. ती जुन्या सरासरीवर बेतलेली आहेत, आणि समुद्र आता त्या सरासरीवर थांबलेला नाही. अरबी समुद्र तापतोय, मोसमी पावसाचं वेळापत्रक हलतंय, म्हणजे किनाऱ्याजवळच्या थरांचंही. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरची रेघ यंदा चालेल हे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच सर्वेक्षणातून फक्त खोलीचा नकाशा जपून ठेवणं मला अपुरं वाटतं. मूळ प्रवासवेळ, किरणाचा कोन आणि त्या वेळची पाण्याची रेघ हे तिन्ही जपलं तर वीस वर्षांनी कुणी नव्याने हिशोब करू शकतो. नुसता नकाशा ठेवला तर त्यातली चूक कायमची तळ होऊन बसते.

हे महत्त्वाचं अशासाठी की जगाच्या समुद्रतळापैकी २०२५ पर्यंत जेमतेम २७ टक्के भाग आधुनिक पद्धतीने मोजून झालाय. २०१७ मध्ये सगळा समुद्रतळ २०३० पर्यंत मोजण्याचा सीबेड २०३० प्रकल्प सुरू झाला तेव्हा तो ६ टक्के होता. उरलेल्या कामासाठी साध्या बोटींच्या मोजमापांचीही मदत घेतली जाते. आपल्याकडच्या ट्रॉलरवरही फिशफाइंडर असतो, आणि अशी यंत्रं बहुधा १५०० वेग धरूनच चालतात. आवाज १५४० ने धावणाऱ्या कोमट पाण्यात तो २५ मीटरला साडेचोवीसहूनही कमी दाखवतो. नाखव्याच्या दृष्टीने चूक सुरक्षित बाजूची आहे, पण नकाशाच्या दृष्टीने चूकच. ती दुरुस्त करायला फार काही लागत नाही. खोलीच्या आकड्यासोबत तारीख, वेळ, जागा, यंत्रात धरलेला वेग आणि यंत्राचं तोंड पाण्याखाली किती आहे, एवढं नोंदलेलं असलं की पाण्याचा हिशोब मागाहूनही करता येतो. कुठल्या हद्दीतली मोजमापं कुणाला द्यायची याचे त्या त्या देशाचे नियम असतात, ते पाळूनच हे करायचं.